समाधीवरचे शंख

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

पांढरदरा, ता. मुखेड
९ जुलै २०२३

चि. हनीफ यास गुरम्माचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नको, घरात सगळे धड आहेत. फोन का केला न्हाई म्हणशील, तर बाबा, माझे कान पार गेले. फोन लावला की नुसतं चरचर ऐकू येतं. पुतण्या सिद्धराम म्हणतो, काकू, तुम्ही मला सांगा, मी हनीफभाईला मेसेज टाकतो. का म्हणून? माझं बोलणं आधी त्याच्या बायकोच्या कानावर जाणार, मग अख्ख्या गावाच्या. त्यापेक्षा मुखेडहून पोष्टाची पाकिटं मागवून घेतली. मास्तरांनी तुझं अक्षर छड्या मारून वळणावर आणलं होतं. ते गंजलं नसेल तर तूही हातानंच उत्तर दे.

काम सांगते. आमच्या मास्तरांना जाऊन मार्गशीर्षात वर्ष होईल. आपल्या रीतीनं शेतातच क्रियासमाधी दिली, तू होतास, तूही माती लोटलीस. वर चौथरा बांधून घेतला, चुन्यानं पांढराफेक केला. पण भोवती सगळं गाजरगवत. उपटून उपटून हाताला खाज सुटली. ज्या माणसानं तीस वर्षं शाळेच्या आवारात झाडं लावली, त्याच्या उशाला गाजरगवत? मला बघवत न्हाई रे. माझं आता दुसरं काही मागणं उरलं न्हाई. मास्तर तिथं सुखानं बसावेत, त्यांना कुणी हलवू नये, जागा नीटनेटकी असावी, एवढंच.

तू लातूरला एवढी नर्सरी घालून बसलास, तर झाडं निवडून पाठव. वर कडुलिंब हाय, म्हणून सावलीत टिकणारी दे. चौथऱ्यात मुळ्या घालणारं एकही नको. पांढरी कण्हेर पायजेच, देवाला लागते. हाव, विषारी असते, मला ठाऊक हाय. मी काही शेळी न्हाई पाला ओरबाडायला.

गुरम्मा


लातूर
२१ जुलै २०२३

गुरम्माअक्कांना हनीफचा सलाम.

पाकिटावर तुमचं अक्षर बघितलं आणि काउंटरवरच थबकलो. आमची घरवाली मलिका म्हणाली, चेहरा का असा पडला, कुणाचं काही बरंवाईट झालं का? म्हणालो, नाही, मास्तरांच्या घरून हुकूम आलाय. दहावीचं वर्ष तुमच्या ओसरीवर झोपून, तुमच्या हातची भाकरी खाऊन काढलं. हुकूम मोडायची माझी काय टाप!

बारा कुंड्या पाठवतोय. उमाशंकर कंडक्टर माझ्या ओळखीचा आहे, मुखेडच्या गाडीत पायाशी ठेवून आणेल. स्टँडवर कुणाला तरी उभं करा. दोन पांढऱ्या कण्हेरी, दोन तगरी. बाकी सगळी सावलीतली आहेत, रंगीत अळू, ड्रेसिना आणि सहा नेचे. नेच्यांची पानं झिरमिळ्यांसारखी लोंबतात, चौथऱ्याच्या कडेला फार शोभतील. बोगनवेल मुद्दाम दिली नाही, काटे तुमच्या लुगड्याला धरतील. घाणेरीची रंगीत जात लोक हल्ली हौसेनं मागतात, पण ती मी विकतच नाही. एकदा बांधावर गेली की सगळं रान गिळते.

हा माल नवा आहे. बाहेरच्या मुलखातून, दमट हवेतून गाडी भरून आलीय. थोडे किडेबिडे होते, ते आम्ही साफ केलेत, तुम्ही फिकीर करू नका. कुंडीतली माती झटकू नका, गड्डा आहे तसाच खड्ड्यात बसवा, म्हणजे मुळं दुखावणार नाहीत.

तुमचा हनीफ


पांढरदरा
५ सप्टेंबर २०२३

चि. हनीफ यास आशीर्वाद.

आधी खाली बस, मग वाच. काल काय झालं ते सांगायला माझ्याजवळ दुसरं माणूस न्हाई. गावातले सगळे स्वतःच बघून गेले.

यंदा अधिक धरून दोन श्रावण, तरी महिनाभर थेंब न्हाई. तुझ्या झाडांना मी घागरीनं पाणी घालून जगवलं. परवा एकदाचा पाऊस पडला. काल श्रावणी सोमवार. बेल वाहायला गेले, तर समाधीवर शंख! एक न्हाई, दोन न्हाई, सात. अन जित्ते! लिंबाएवढे, तपकिरी, अंगावर उभे पट्टे. चुन्याला तोंड लावून असे बसले होते, जणू डोकं टेकून राहिलेत. आजूबाजूला सगळं रान पडलेलं, तिथं एकही न्हाई. फक्त मास्तरांच्या अंगावर.

तू हसशील. मी काही खुळी बाई न्हाई. मास्तरांनी जन्मभर अंगारा घरात येऊ दिला न्हाई अन मीही कधी हट्ट केला न्हाई. पण नेमका सोमवार अन नेमकी समाधी? माझ्या डोळ्यांना धार लागली रे. नऊ महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, माणूस पार गेलं न्हाई.

गंगम्मा बघून गेली, मग नागम्मा आली, मग सगळी आळी. नागम्मानं पदर पसरून एक मागितला, देव्हाऱ्यात ठेवायला. बाईला लेकरू न्हाई, तिला कसं न्हाई म्हणू? एक महादेवाच्या देवळात दिला. आठ दिवसांत आणखी येतीलच, असं सगळे म्हणून राहिलेत.

एक बारीक कटकट हाय. ते बसतात तिथला चुना पातळ होऊन आतली वीट दिसायला लागलीय. पावसानं असेल. दसऱ्याला पुन्हा हात मारून घेते. झाडं मात्र झकास धरलीत, नेचे तर बघत राहावेत.

गुरम्मा


लातूर
१६ सप्टेंबर २०२३

गुरम्माअक्कांना सलाम.

पत्र मिळालं. तुम्हाला बरं वाटलं हे वाचून बरं वाटलं.

अक्का, एक विनंती आहे. ते शंख हाताळू नका. हाताळलेच तर साबणानं हात धुवा. घरात ठेवू देऊ नका, लेकराबाळांच्या हातात देऊ नका, आणि कुणाला वाटू तर अजिबात नका. ज्यांनी नेलेत त्यांच्याकडून परत मागून घ्या. एका बादलीत जमा करा आणि मला कळवा, मी माणूस पाठवून घेऊन जातो.

चौथऱ्याला चुना लावू नका. ऑइलपेंट लावा, पांढराच, डबा मी पाठवतो. पावसात टिकतो.

नेचे जरा जास्तच पसरलेत असं वाटतं. ते मातीसकट उपटून पोत्यात भरा आणि उमाशंकरकडे द्या, बदल्यात चांगला मोगरा पाठवतो. लवकर केलेलं बरं.

हनीफ


पांढरदरा
१ ऑक्टोबर २०२३

चि. हनीफ,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा राग आला, म्हणून चार दिवस थांबून लिहून राहिले.

शंख दिसले म्हणून मी तुला किती आनंदानं कळवलं, अन तू मला हात धुवायला सांगतोस? परत मागून घ्या म्हणे! दिलेला देव परत मागायचा? मला कळलं बरं का. तुमच्यात असलं चालत न्हाई, म्हणून तुझं मन खट्टू झालं. अरे, पण मी तुला कधी तुझ्या नमाजावरून बोलले का? रोज्यात पहाटे उठून तुला भाकरी करून देणारी मीच होते ना? मग माझ्या म्हातारीच्या एका आनंदावर पाणी टाकायचं तुला काय नडलं होतं?

ऑइलपेंट नको. मास्तरांना चुन्याचाच वास आवडायचा. दसऱ्याच्या आधीच दोन हात मारून घेतले, अन काय सांगू, चुना ओला असतानाच चाळीसेक येऊन बसले. त्यांनाही आवडतो दिसतोय. आता एकेक लहान पेरूएवढा झालाय. बाया शेजारच्या गावाहून येऊन राहिल्यात, ओटीत घालून नेतात. माझी समाधी तीर्थ झाली बघ.

नेच्यांच्या बुडाशी माती उकरली तर आत साबुदाण्यावानी दाणे निघाले, पिवळसर, शेकड्यानं. तुझं खत असेल. परत झाकून टाकले.

गुरम्मा


लातूर
१२ ऑक्टोबर २०२३

अक्का,

माझ्या लिहिण्यानं तुमचं मन दुखलं. माफी मागतो. तुम्ही म्हणता तसंच असेल. तुमच्या श्रद्धेच्या मध्ये मी येणार नाही, पुन्हा हा विषय काढणार नाही.

ते दाणे खत नाही. जमलं तर उन्हात पसरून टाका.

दिवाळीनंतर येऊन जाईन म्हणतो.

हनीफ


पांढरदरा
१९ फेब्रुवारी २०२४

चि. हनीफ यास आशीर्वाद.

दिवाळी गेली, मास्तरांचं वर्षश्राद्ध गेलं, संक्रांत गेली. तू आला न्हाईस. दोन पत्रं टाकली, उत्तर न्हाई. अजून रुसलास का रे? मी रागावते अन विसरते, तुला काय नवीन हाय का ते?

थंडी पडली तसे सगळे शंख दिसेनासे झाले. जंगमस्वामी म्हणाले, आले तसे गेले, शोक करू नका. पण हनीफ, ते गेले न्हाईत. चौथऱ्याच्या मागच्या कोपऱ्याला माती खचून भोक पडलंय, माझा हात कोपरापर्यंत जातो. तिथं कान लावून उपयोग न्हाई मला, म्हणून हात घातला. आत गार, अन बोटांना कवचं लागली. एकाला एक चिकटून. तोंडावर पांढरं झाकण बसवून झोपलेत. मी हात मागं घेतला.

आधी बरं वाटलं, मास्तरांना सोबत झाली म्हणून. पण त्या दिवसापासून जेवण गोड लागेना झालंय. का ते सांगता येत न्हाई. भोक बुजवून घेऊ का? तू झाडामातीतला माणूस, तू सांग.

शिवरात्रीला ये.

गुरम्मा


पांढरदरा
२८ जून २०२४

हनीफ,

आज आशीर्वाद नंतर लिहीन.

मिरगात पाऊस वेळेवर झाला. सिद्धरामनं समाधीच्या दोन्ही अंगाला सोयाबीन पेरलं. सहाव्या दिवशी हिरव्या रेघा उठल्या, मी स्वतः बांधावर उभी राहून बघितल्या. आठव्या दिवशी एक रेघ न्हाई. नुसत्या काड्या, अन मातीवर चिकट चमकणारे ओघळ. पोरगं डोक्याला हात लावून पेरणीच्या तासात बसलं. पुन्हा पेरलं. पुन्हा तेच. मग शेजारच्या रानात, मग पलीकडच्या वाडीत. देवळाच्या भिंतीवर इतके बसलेत की रंग दिसत न्हाई. नागम्माच्या देव्हाऱ्यातला एक होता ना, तिच्या परसात आता टोपलीनं निघून राहिलेत. पहाटे उठून सगळं गाव बादल्या घेऊन रानात असतं. गुळाच्या पाण्यात पोती भिजवून पसरतात, सकाळी पोत्याखाली ढीग. तरी सरत न्हाईत.

काल तालुक्याहून कृषी सहायक आला, नवा पोरगा. त्यानं एक उचलला, उलटा केला अन म्हणाला, ही शंखी गोगलगाय. इथली न्हाईच मुळी. कुणी बाहेरून रोपं आणली होती का? कुंडीच्या मातीतून येते. एकेक शेकड्यानं अंडी घालते, साबुदाण्यासारखी.

मला ऐकू येत न्हाई, पण त्याच्या ओठांवरून मला सगळं कळलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सिद्धरामनं तर मान खाली घातली, मला लाज वाटू नये म्हणून.

तुझी सगळी पत्रं काढून ओळीनं वाचली. माती झटकू नका. हात धुवा. वाटू नका. चुना लावू नका.

तुला माहीत होतं का? हो की न्हाई, एवढंच लिही.

गुरम्मा


लातूर
५ जुलै २०२४

अक्का,

हो.

एका शब्दात लिही म्हणालात, पण तेवढ्यावर थांबलो तर मी आणखी नामर्द ठरेन. गेल्या वर्षी गाडी उतरवली तेव्हाच ताडपत्रीखाली दिसल्या. दोन बादल्या भरून मिठाच्या पाण्यात मारल्या. पूर्वी एका गाववाल्या नर्सरीवाल्याचं अख्खं आवार यांनी खाल्लेलं मी बघितलं होतं, म्हणून ओळखत होतो. सगळा माल जाळायला पाहिजे होता. नाही जाळला. श्रावण तोंडावर होता, गिऱ्हाईक दारात होतं. पानं धुतली, कुंड्या पुसल्या, आणि मनाला सांगितलं की झालं साफ. मातीत काय आहे ते उकरून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर विकता आलं नसतं.

तुमचं शंखाचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. खरं लिहायला बसलो होतो, अल्लाची कसम. पण तुम्ही लिहिलं होतं, नऊ महिन्यांत पहिल्यांदा वाटलं माणूस पार गेलं नाही. त्यावर मी काय लिहू, की अक्का, ती माझ्या दुकानातली घाण आहे? मग आडून आडून लिहिलं. तुम्हाला वाटलं मी माझ्या धर्मापायी बोलतोय, आणि तेव्हा, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. तुमच्या त्या गैरसमजाच्या मागं मी नऊ महिने लपलो. नंतरची पत्रं फोडायची हिंमत झाली नाही. फेब्रुवारीचं पत्र मी परवा फोडलं.

ते भोक, अक्का. त्यांना कवच वाढवायला चुना लागतो. भिंत चाटतात ती त्यासाठी. चुना मिळेल तिथं शिरतात. भिंतीशिवाय आणखी कशात असतो ते मास्तरांनीच आम्हाला सातवीत शिकवलं होतं. मला पुढं लिहवत नाही.

हनीफ


पांढरदरा
१५ जुलै २०२४

हनीफ,

हाडात असतो. मी पण त्या वर्गाच्या खिडकीशी बसून ऐकायची.

काल देवळापुढं गाव बसलं. कृषी सहायक म्हणाला, रोज रानातल्या वेचून उपयोग न्हाई, मूळ जागा काढली पायजे. चौथऱ्याच्या आत, खाली, सगळी अंडी अन सगळ्या मोठ्या गोगलगायी तिथं. तिथून दर पावसाला निघत राहणार. तो न कळून बोलला. बाकी सगळ्यांना कळलं की तो काय उघडायला सांगतोय. ज्यांची तिसरी पेरणी गेलीय तेही उघडा म्हणेनात. मास्तरांनी शिकवलेले सगळे.

म्हणून मीच उठले. म्हणाले, झाडं मी मागवली, ओटीत घालून मी वाटले, समाधी माझ्या माणसाची हाय, ती उघडा. सिद्धराम लहान लेकरावानी रडायला लागला. जंगमस्वामींनी सोमवार दिलाय, बावीस तारीख, सकाळी.

बसवलेल्या माणसाला उठवायचं नसतं रे. तुमच्यातही कबरीला कुदळ लावत न्हाईत, तुला वेगळं सांगायला नको. तू ये. पहिली कुदळ तुझी. शिव्या देणार न्हाई, कुणाला तुझं नाव सांगणार न्हाई. फक्त ये. मला एकटीला हे जमणार न्हाई.

गुरम्मा


पांढरदरा
२५ जुलै २०२४

हनीफ,

टेम्पो आला. मिठाची वीस पोती आली, तू आला न्हाईस.

पहिली कुदळ सिद्धरामनं मारली. चौथरा पोकळ झालेला, लगेच बसला. मी म्हणाले होते, मी तोंड फिरवून उभी राहीन. न्हाई राहिले. तीस वर्षं ज्या माणसाचं धोतर धुतलं, त्याला या वेळी परक्यांच्या हवाली करायचं का? खाली उतरले. आपल्यात खड्ड्याच्या पोटात कोनाडा करून त्यात बसवतात, तुला आठवत असेल. कोनाड्यात माती शिरली नव्हती, मोकळाच होता. मला आधी मास्तर दिसलेच न्हाईत. ते सगळे त्यांच्या अंगावर होते. मांडीवर, छातीवर, डोक्यावर, थरावर थर. हळूहळू हलत होते.

मी हातानं काढले. एकेक. चार घमेली भरली. स्वामी वरून मंत्र म्हणत असतील, मला काही ऐकू येत नव्हतं, ते एका परीनं बरं झालं. मांडीचं हाड कानशीनं घासल्यावानी झालं होतं. हातातलं इष्टलिंग तेवढं जसंच्या तसं. मी मनातच त्यांची माफी मागितली. तोंडानं न्हाई मागितली, हात जोडवेनात, हाताला चिकट होतं.

ड्रमात मीठपाण्यात टाकले की फेस येतो. दिवसभर फेस येत होता. नेचे जाळले, अळू जाळलं, कण्हेर सुद्धा ठेवली न्हाई. मग विभूती घालून, बेल घालून पुन्हा बसवलं. दुसऱ्यांदा. कुणाच्या नवऱ्याला दोनदा माती दिलेली तू ऐकलीस का?

नागम्मा देव्हाऱ्यातला देईना. दाराला आतून कडी घालून बसली. तिला दिवस गेलेत, चौथा महिना हाय, अन तिचा जीव त्या शंखावर बसलाय. मीच दिला होता, आता मी कुठल्या तोंडानं मागू? तरी मागितला. तिनं दार उघडून माझ्या पायाशी आपटला अन म्हणाली, माझ्या लेकराला काही झालं तर म्हातारे, तुला सोडणार न्हाई. हे मला ओठांवरून नीट कळलं. तेव्हापासून कुणी माझ्या ओसरीला येत न्हाई. गंगम्मा भाकरी आणून ठेवते अन जाते.

सिद्धरामच्या रानात आज पुन्हा अकरा सापडल्या.

तुझं नाव मी कुणाला सांगितलं न्हाई. पण तू मला सांग. त्या गाडीतल्या कुंड्या तू आणखी कुणाकुणाला दिल्यास? त्यांना जाऊन सांग. पत्रानं न्हाई, स्वतःच्या पायानं. पंधरा दिवस बघते. न्हाईतर मी एसटीत बसून लातूरला येते अन तुझ्या दुकानाच्या दारात उभी राहून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते. मी बहिरी हाय, मुकी न्हाई.

गुरम्मा


लातूर
४ ऑगस्ट २०२४

अक्का,

बावीस तारखेला मी मुखेडपर्यंत आलो होतो. टेम्पो पुढं पाठवला आणि मी स्टँडवर उतरलो. दोन तास बाकड्यावर बसलो. पांढरदऱ्याची जीप दोनदा सुटली, चढलो नाही. मग लातूरची गाडी पकडली.

त्या गाडीतला माल एकतीस ठिकाणी गेला. वहीतून पत्ते काढून मी मोटारसायकलवर निघालोय. मलिका मागं बसते, मी वाटेतून परत फिरू नये म्हणून. तिला सगळं सांगितलं. दुकानाला कुलूप आहे.

आतापर्यंत नऊ झाली. तीन जणांनी तोंडावर दार लावलं, एकानं कॉलर धरली. दोन ठिकाणी काही निघालं नाही, तिथं मी रस्त्यातच बसून अल्लाचा शुक्र केला. किल्लारीला एका बंगल्यात परसभर आहेत, त्यांना मीठ आणि पोती देऊन आलो, उद्या परत जाणार.

काल रेणापूरला गेलो. शरणम्मा नावाच्या बाई आहेत, मंगल कार्यालय चालवतात. त्यांनी माझ्याकडून चोवीस नेचे नेले होते, मांडवाच्या कमानीला. फार भली बाई. आधी चहा दिला. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, सगळं, तुमचं नाव सोडून. त्या हसल्या. म्हणाल्या, अहो भाई, एवढंच ना? केवढे घाबरलात! पाहुण्यांच्या पायाखाली यायला लागले म्हणून आम्ही गेल्या पंधरवड्यात सगळे वेचून काढले. सहा पोती भरली. मी म्हणालो, मग मारले कशात, मिठात की साबणात?

त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. म्हणाल्या, शिव शिव, आमच्या घरात मुंगी मारत नाहीत. ट्रॅक्टरमधून नेऊन रेणा नदीच्या काठाला सोडून आलो, जिवंत, एकही दुखावला नाही.

काठाच्या दोन्ही अंगाला सोयाबीन आहे, अक्का, नजर पोचेपर्यंत. मी काल अंधार पडेपर्यंत वेचल्या, एक पोतंही भरलं नाही. आत्ता पुन्हा तिकडं निघालोय. इथं पहाटेपासून पावसाची झड लागलीय.

हनीफ